आधीचा रकाना

आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं, की दाराशीच थबकतं. बाल्कनीतल्या दोरीवर कपड्यांच्या जागी पिशव्या वाळत असतात. मोठ्या, पारदर्शक, उशीच्या अभ्र्यापेक्षा जरा मोठ्याच. एका शेजारणीने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अहो, बरं चाललंय ना तुमचं?" मी म्हटलं, छान चाललंय, माझा नवरा हवा मोजतो. तिने पुन्हा विचारलं नाही.

हे वायूच्या कंपनीत प्रशिक्षक आहेत. जमिनीतून निघणारा वायू विहिरींवरून नळांनी केंद्रावर येतो, तिथून पुढे जातो. या सगळ्या वाटेवर हजारो जोड, हजारो व्हॉल्व्ह, आणि त्यांतून कुठे ना कुठे थोडा थोडा निसटतच असतो. दिसत नाही, बहुतेक वेळा वासही येत नाही, पण हवा तापवण्यात धुराचाही बाप. तो कुठून निसटतो ते शोधायचं, किती निसटतो ते मोजायचं आणि मग थांबवायचं, हे कामगारांना शिकवणं ही यांची नोकरी. मोजायची सगळ्यात साधी युक्ती म्हणजे पिशवी. गळतीच्या जागी पिशवीचं तोंड घट्ट धरायचं आणि घड्याळ लावायचं. वीस लिटरची पिशवी किती वेळात फुगली, त्यावरून दिवसाला किती गेलं ते निघतं. म्हणून कंपनीत सगळे यांना पिशवीमास्तर म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. यांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र कुणी पिशवीमास्तरीणबाई म्हटलेलं चालणार नाही, हे मी एकदा सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

सरावाच्या पिशव्या मी बनवते. खऱ्या वायूवर घरची पिशवी चालत नाही, ठिणगीची भीती असते, तिथे कंपनीच्या खास पिशव्या लागतात. पण प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात सरावासाठी नळांतून साधी हवाच सोडतात, तिथे माझ्या चालतात. घराच्या पुढच्या खोलीत माझं इस्त्रीचं दुकान आहे. प्लास्टिकचे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, वर जुन्या चादरीचा तुकडा, इस्त्री रेशमाच्या आकड्यावर, आणि चार म्हणेपर्यंत दाबून धरायची. तीनला उचलली तर शिवण उसवते, पाचला भोक पडतं. मग लिटरच्या मापाने वीस मापं पाणी भरून बघायचं आणि दोरीवर वाळत टाकायचं. शेजारणीला हे सगळं सांगत बसण्यापेक्षा हवा मोजतो म्हटलेलं बरं.

यांच्या स्वभावात राग नाही. ही स्तुती समजू नका. ज्या माणसाला राग येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं, हा प्रश्न मला पंचवीस वर्षं पडलेला आहे. माझा राग नाकावर, यांचा कुठे ठेवलाय ते यांनाही आठवत नाही. बोलणंही बेतास बात. लग्नाआधी आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तासभर बसले आणि निघताना एकच वाक्य बोलले, "तुमच्या मोरीतल्या नळाचा वायसर बदलायला हवा." आई म्हणाली, माणूस कामाचा आहे. वडील म्हणाले, माणूस विचित्र आहे. दोघंही बरोबर निघाली.

ही नळांची खोड वडिलांकडून आलेली. माझे सासरे, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, कंपनीच्या चार नंबर केंद्रावर चौतीस वर्षं फोरमन होते. निवृत्त झाल्यावरही मागच्या खिशात वीतभर लांबीचा पाना असायचाच. घरातला नळ गळायला लागला की मी नळवाल्याला बोलवायची, आणि तो यायच्या आत आप्पा उठून नळ आवळून ठेवायचे. नळवाला येऊन उभा. कुठे गळतंय? कुठेच नाही. दोनदा आला, तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही. मी चिडले तर आप्पा म्हणाले, "पोरी, परक्या माणसाला गळका नळ दाखवायचा? आपल्याला काही लाज?" ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार नंबरवर एक वही असायची. पाळी संपताना तिच्यात सगळं भरायचं: दाब, तापमान, आणि शेवटी 'गळती' असा एक रकाना. त्या रकान्यात आप्पांनी चौतीस वर्षं एकच शब्द लिहिला, निरंक. अक्षर असं, की छापील वाटावं. फाटकावर पाटी होती, 'गळती: निरंक', आणि खाली सलग किती दिवस ते खडूने. आप्पा निवृत्त झाले तेव्हा तो आकडा बारा हजारांच्या वर गेला होता. त्या पाटीखाली उभे राहून काढलेला त्यांचा फोटो आमच्या टीव्हीच्या वर लावलेला होता. हा शब्द कागदपत्रांबाहेर कुणी वापरत नाही, आमच्या घरात मात्र तो रोजच्या बोलण्यात मुरला होता. आप्पा, भूक लागली? निरंक. आप्पा, गुडघा दुखतोय का? निरंक. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा आप्पा उशाशी बसून विचारायचे, काही त्रास? आणि त्या हसून म्हणायच्या, निरंक. त्यांना किती त्रास होता, ते मला माहीत होतं, मी त्यांचं अंथरूण बदलायची. आप्पांनाही माहीत असणार.

हेही चार नंबरवरच ऑपरेटर होते, एकोणतीस वर्षं. मग कंपनीने गळती मोजायचं नवं काम काढलं आणि शिकवायला माणसं निवडली. यांना दीड महिना बाहेर पाठवलं. गेले ऑपरेटर, आले मास्तर. बरोबर एक कॅमेरा आणला, ज्यातून न दिसणारा वायू धुरासारखा दिसतो. तो कॅमेरा कंपनीचा, पण पहिले काही दिवस यांनी त्याला असं जपलं, की आमच्या मुलीने विचारलं, मी लहान असताना मला कधी इतकं सांभाळून उचललं होतं का?

पहिल्या तुकडीत चौदा जण होते. यांनी प्रत्येकाच्या हातात माझी एकेक पिशवी दिली आणि सांगितलं, आपल्या श्वासाने भरा आणि वेळ लिहा. चौदा माणसं भिंतीला टेकून पिशव्यांत फुंकर मारत उभी. मग हे म्हणाले, "बघा, आपण सगळे गळतो. ज्याच्यात काही वाहतं, ते गळतं. त्यात लाज कसली?" इथपर्यंत छान होतं. इथे थांबायला हवं होतं. पण सतरा शब्दांत दिवस काढणारा माणूस त्या दिवशी नेमका बोलत सुटला. फळ्यावर 'निरंक' लिहून म्हणाले, "ज्या वहीत रोज हे लिहिलंय, ती लिहिणाऱ्याने एक तर बघितलं नाही, नाहीतर बघून खोटं लिहिलं. मीसुद्धा एकोणतीस वर्षं लिहिलंय."

यातलं पहिलं वाक्य संध्याकाळपर्यंत वसाहतभर फिरलं. दुसरं वर्गातच राहिलं. आमच्या समोर राहणारा वेल्डर त्या तुकडीत होता. वाईट माणूस नाही, पण पोटात काही राहत नाही त्याच्या. त्याने आप्पांना गंमत म्हणून सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, टीव्ही बंद केला आणि मला म्हणाले, "पोरी, तो फोटो काढून ठेव." मी काढला. त्यांनी तो कपाटात ठेवून दिला, पालथा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेबलाशी बसलेले, आप्पा समोरच्या खुर्चीत, मधे दोन हातांचं अंतर. आप्पा मला म्हणाले, "त्याला सांग, चहा गार होतोय."

अकरा महिने हे चाललं. त्याला सांग, मोरी रिकामी आहे. त्याला सांग, त्याच्या बुटांची नाडी सुटली आहे. मी घरातलं टपाल कचेरीचं काम करत होते, तेही पत्र लिहिणारा आणि घेणारा एकाच खोलीत असताना. यांनी एकदा धीर करून सुरुवात केली, "आप्पा, मी तुमच्याबद्दल तसं..." आप्पांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आणि निरंक हा शब्द घरातून गेला. मी विचारायची, आप्पा, दुखतंय का? ते म्हणायचे, काही नाही. अर्थ तोच, पण मला ते ऐकून कसंतरी व्हायचं.

आप्पांचं वय एक्याऐंशी. हात थरथरायला लागले होते, पाना खिशातून निघायचा पण नटावर बसायचा नाही. एका दुपारी मी शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होते, आप्पा स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "तू इतकी वर्षं हे कपडे करतेस. उद्या कुणी म्हणालं, की ते सगळे चुरगळलेलेच होते, तर?"

"तर गरम इस्त्री त्याच्या अंगावर," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "मी खोटारडा का गं, पोरी?"

मी नाही म्हटलं, पटकन म्हटलं, पण त्यांना माझं नाही नको होतं. वहीत काय लिहिलं होतं आणि नळांत काय चाललं होतं, हे मला काय ठाऊक? ज्याला ठाऊक होतं तो आतल्या खोलीत बसून पिशव्या मोजत होता. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. हा म्हातारा माणूस हेच मनात घेऊन गेला तर? मग यांनी जगातले सगळे नट आवळले तरी काय उपयोग, असं मला वाटायचं आणि यांच्यावर राग यायचा. तो मी यांच्या शर्टांवर काढायची. त्या वर्षी यांच्या बाह्यांना जी धार होती, ती पुन्हा आली नाही.

मग चार नंबरच्या कामगारांची पाळी आली. वर्गातलं शिक्षण झालं की प्रत्येक तुकडीला आपल्याच केंद्रावर जाऊन खरी मोजणी करावी लागते. यांनी आठ दिवस आधी लेखी कळवलं होतं, केंद्र आहे तसं ठेवा, कशालाही हात लावू नका. ठरल्या दिवशी गेले. कॅमेरा घेऊन दोनशे बारा जागा तपासल्या. कुठेही धूर दिसला नाही. साबणाचं पाणी मारून बघितलं, एक बुडबुडा नाही. तुकडी खूश, आणि हे घरी आले ते तोंड उतरवून. म्हणाले, "अगं, नवंकोरं केंद्रसुद्धा इतकं कोरडं नसतं. काय चुकतंय ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता गेले, नुसते डोळे घेऊन. आणि मग दिसलं. नटांवरचा जुना रंग ठिकठिकाणी तडकलेला, खालून धातू चकाकतोय. म्हणजे पाना लागलेला, तोही ताजा. केंद्राची मुख्य आता एक ऑपरेटरबाई आहे, आप्पांच्या हाताखाली तयार झालेली. यांनी तिला विचारलं. ती जे बोलली ते यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं, म्हणून मी सांगू शकते.

ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी सगळं आवळून घेतलं. तुमच्यासमोर गळकं केंद्र ठेवायचं का आम्ही?"

"पण मी लिहून पाठवलं होतं, हात लावू नका म्हणून."

"अहो, पाहुणे म्हणतातच की, आमच्यासाठी काही करू नका."

यांना हसावं की रडावं कळेना. मोजायला जावं तर मोजण्यासारखं काही शिल्लक नाही, आणि ज्यांनी ते संपवलं त्यांना वाटतंय आपण मान राखला. मग ती बाई म्हणाली, "आणि आम्हाला आप्पांनी हेच तर शिकवलंय. वहीला हात लावायच्या आधी पान्याला लावायचा. फेरी मारायची, सुटलंय ते आवळायचं, साबण मारून पुन्हा बघायचं. थेंबभर बुडबुडा राहिला तर परत आवळायचं. सगळं कोरडं झालं की मगच निरंक. तुम्हाला नाही शिकवलं त्यांनी?"

नव्हतं शिकवलं. बाप आणि मुलगा एका पाळीत नकोत असा कंपनीचा नियम होता. आप्पा सकाळी, तर हे दुपारी. आप्पा निवृत्त होईपर्यंत दोघं एकाच केंद्रावर, आणि यांनी वडिलांना फेरी मारताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. आप्पांना वाटलं असणार, पोरगा माझा आहे, त्याला काय सांगायचं? आणि हे आत पॅनेलसमोर बसून, वर सकाळच्या पाळीत निरंक दिसतंय म्हणून खाली निरंक लिहायचे.

त्या दिवशी हे भर दुपारी अडीचला घरी आले. माझ्या टेबलाशी उभे राहिले. माझा हात थांबला, कारण यांचे डोळे भरलेले मी फक्त दोनदा पाहिले होते.

"अगं," म्हणाले, "आप्पांचं निरंक खरं होतं. खोटं होतं ते माझं."

सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, "मग आत जा आणि सांगा."

"ते यंत्र काढून ठेवतील."

"मग दाखवा. यंत्र कानातलं काढता येतं, डोळे नाही काढता येत."

हे खुर्ची ओढून बसले. कपडे गुंडाळायला मी तपकिरी कागद ठेवते, त्यातला एक घेतला आणि पेन्सिलीने रेघा मारायला लागले. मोजणीच्या तक्त्यात तोवर आकड्यासाठी एकच रकाना होता. यांनी मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'आवळण्याआधी', दुसऱ्या बाजूला 'आवळल्यानंतर'. कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो गार झाला, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

चार नंबरला तीन आठवडे कुणी पाना लावायचा नाही असं ठरलं. जीवावर बेतेल असं काही निघालं तर ते लगेच बंद करायचं, बाकी जसंच्या तसं. ऑपरेटरबाई रोज फोन करून सांगायची, मास्तर, माणसांचे हात शिवशिवतायत, एकाला तर मी हात खिशात घालून फिरायला लावलंय. प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या मॅडमकडून यांनी दोन पाहुण्यांची परवानगी काढली. एक मी, एक आप्पा. आप्पांना तयार करायचं काम अर्थात माझ्यावर.

मी सरळ सांगितलं, "आप्पा, आजपासून टपाल बंद. मला चार नंबर बघायचंय आणि मी एकटी जाणार नाही."

आप्पा म्हणाले, "मला पिशवीत घालून मोजणार आहे का तो?"

"घातलं तर मीच शिवलेली असेल," मी म्हटलं. "उसवायची नाही."

त्यांनी पांढरा शर्ट मागितला. मी दिला, इस्त्री केलेलाच होता, तरी पुन्हा एकदा फिरवली. जाताना त्यांनी पाना खिशात घातला, मग काढला आणि टेबलावर ठेवून दिला.

फाटकाशी त्यांना हेल्मेट दिलं, ते डोळ्यांवर यायला लागलं, तेव्हा ऑपरेटरबाईने मागून पट्टा आवळून बसवलं. सगळे कामगार येऊन उभे राहिले. कुणी आप्पांच्या पाया पडलं नाही की भाषण केलं नाही. एकजण नुसता म्हणाला, "फोरमनसाहेब, बघा, आम्ही काही आवळलेलं नाही." आप्पांनी मान हलवली, पण न आवळणं त्यांना पटलं नव्हतं, हे मला कळलं.

पूर्वेकडच्या नळावर एक जुना व्हॉल्व्ह आहे. सगळे त्याला म्हातारी म्हणतात. त्याच्या दांड्याभोवती दोरीसारखं भरण असतं, आणि ते दाबून धरायला वर दोन नट. हे तिथे थांबले. वारा कुठून येतोय ते बघून आम्हाला त्या बाजूला उभं केलं, आणि कॅमेरा आप्पांच्या डोळ्यांशी धरला. आप्पांनी बघितलं. त्यांच्या म्हातारीच्या डोक्यावरून धुराची एक बारीक वेणी निघून वर जात होती. मी नंतर बघितली. नुसत्या डोळ्यांनी तिथे निळं आकाश होतं.

आप्पांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढून व्हॉल्व्हकडे बघितलं, मग पुन्हा कॅमेऱ्यात.

यांनी पिशवी लावली, कंपनीची. बाईने घड्याळ सुरू केलं. आधी काहीच होईना, पिशवी चपटीच्या चपटी. मग तिला एक पोट आलं, मग कोपरे सुटले. आम्ही सगळे एका पिशवीकडे बघत उभे होतो आणि मला आतून एकच धास्ती, की हे सगळं उलटं पडलं तर? आपल्या व्हॉल्व्हची अब्रू अशी चारचौघांत फुगताना बघून हा माणूस आणखी मिटून गेला तर? त्याला इथे ओढून आणणारी मी होते.

"चार मिनिटं," बाई म्हणाली.

हे तोंडातल्या तोंडात आकडेमोड करत होते. मग मोठ्याने म्हणाले, "दिवसाला सात हजार दोनशे लिटर." आमच्या मोरीतलं पिंप दोनशे लिटरचं आहे. छत्तीस पिंपं, रोज, एका म्हातारीतून. यांनी तो आकडा पहिल्या रकान्यात लिहिला आणि पितळी पाना हातात घेतला, ज्याने ठिणगी पडत नाही तो. मग वळून म्हणाले, "आप्पा, आता किती?"

अकरा महिन्यांनी वडिलांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

आप्पांनी कानाला हात नेला. काढतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी यंत्र नीट दाबून बसवलं आणि म्हणाले, "पाव फेरा. आधी डावा, मग उजवा. एकदम नाही, दांडा धरतो."

पाहुण्यांनी पाना धरायचा नाही असा नियम आहे, आणि पाना यांच्याच हातात होता. पाहुण्यांनी कुणाच्या हातावर हात ठेवायचा नाही असा नियम कुठे लिहिलेला नाही. आप्पांचा थरथरता हात यांच्या हातावर होता. "थोडं. आणखी थोडं. बास, बास म्हटलं ना." हे थांबले. दुसऱ्या नटावरही तसंच. मग पिशवी पुन्हा लावली. चार मिनिटं झाली, सहा झाली, दहा झाली. पिशवी चपटी. कॅमेऱ्यात नुसती म्हातारी, डोक्यावर काही नाही.

बाईने तक्ता पुढे केला. यांनी पेन आप्पांच्या हातात दिलं. "दुसरा रकाना तुमचा," म्हणाले. "तो कायम खराच होता. मी न बघता बोललो, आप्पा. न बघता लिहायची सवय माझी होती."

आप्पांनी तक्ता हेल्मेटखालून डोळ्यांजवळ नेला. दुसऱ्या रकान्यात निरंक लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, रेघ सुटली, पण लिहिलं पूर्ण. मग ते पहिल्या रकान्याकडे बघत राहिले, त्या सात हजार दोनशेकडे. पेनाच्या टोकाने त्याला हळूच स्पर्श केला.

"हा रकाना आमच्या वहीत नव्हता रे," म्हणाले.

वेल्डर आला असता तर तोही गप्प राहिला असता, असं मला वाटतं.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. मी हात-पाय धुऊन इस्त्री लावली, एका घराचे कपडे संध्याकाळी द्यायचे होते. आप्पा स्टुलावर बसले, हे दाराशी बूट काढत होते. आप्पा मला म्हणाले, "त्याला सांग..." आणि थांबले. मी मुद्दाम मान वर केली नाही. कॉलर आधीच सरळ झालेली होती, तरी तिच्यावरून इस्त्री फिरवत राहिले.

"अरे," आप्पा यांना म्हणाले, "कागद घे. म्हातारी दर शनिवारी पाव फेरा मागायची. थंडीत दोनदा. तिच्या पलीकडचा तो आखूड दांड्याचा, तो महिन्याला एकदा. मीटरजवळचा जोड मी सहा वर्षं आवळत होतो, मग भरण बदललं तेव्हा थांबला. मला आठवतंय तेवढं सांगतो, लिहून घे."

यांनी माझ्या तपकिरी कागदांचा गठ्ठाच ओढून घेतला. आप्पा सांगत होते, हे लिहीत होते, मधेच विचारत होते, हा कोणता, तो कुठला. चौतीस वर्षांचा आधीचा रकाना आप्पांच्या डोक्यात जसाच्या तसा होता, कुणी मागितलाच नव्हता. त्या संध्याकाळी कपडे वेळेवर गेले नाहीत. ज्यांचे कपडे होते ती बाई चिडून आली, तर मी तिला म्हटलं, बसा जरा, आणि तीही ऐकत बसली.

आता हा दोन रकान्यांचा तक्ता कंपनीच्या सगळ्या केंद्रांवर चालतो. कुठला व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा सुटतो ते पहिल्या रकान्यातून कळतं, मग तो नुसता आवळत न बसता त्याचं भरणच बदलतात. म्हातारीचंही बदललं. यांच्या वर्गात तो तपकिरी कागद काचेत लावलेला आहे, त्यावर माझ्या इस्त्रीचा डाग आहे. फोटो टीव्हीच्या वर परत आला.

आप्पा पंच्याऐंशीचे झाले. गुडघा बराच त्रास देतो. काल मी नेहमीसारखं विचारलं, "आप्पा, दुखतंय का?"

ते म्हणाले, "गोळीच्या आधीचं सांगू, की नंतरचं?"

मी म्हटलं, दोन्ही सांगा. आणि मग त्यांनी सांगितलं, किती दुखतं ते.